धार आली का?

कळंबहून निघताना आईनं भरून दिलेली पाण्याची बाटली मी अजून उघडलीही नव्हती. धरणाच्या काठाला लाँच कार्यालय नावाची एक पत्र्याची खोली होती आणि तिथं मी कनिष्ठ लिपिक म्हणून हजर व्हायला आलो होतो. दारात एक उंच, काळासावळा, खाकी कपड्यातला माणूस उभा होता. त्यानं माझ्या नेमणुकीच्या आदेशाकडं बघितलंच नाही. हातातली बाटली घेतली, एक घोट तोंडात घोळवला, बाजूला थुंकला आणि म्हणाला,

"कळंब. न्हाई तर त्याच्या आसपासचं. हिरीचं पाणी हाय. बोअरचं असतं तर जिभंला खरखर लागली असती."

"विहिरीचंच आहे," मी म्हणालो.

"मग पियाला चांगलं हाय. इंजानात घालू नका."

माझा तसा काही विचार नव्हता. पण पुढच्या काही वर्षांत मला कळलं, की या माणसाच्या लेखी जगातल्या पाण्याचे दोनच प्रकार होते. इंजिनात घालण्यासारखं आणि न घालण्यासारखं. पिणं, आंघोळ, शेती, वीज या सगळ्या त्यानंतरच्या गोष्टी.

त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. हुद्दा होता 'लाँच चालक व यांत्रिक', पण इतकं लांब कोण बोलणार? गाव पेठ. आयटीआय करून मुंबईकडं बोटींच्या कारखान्यात दहा-बारा वर्षं काढली आणि मग धरणावर लाँच आली तेव्हा तिच्याबरोबर तेही आले. धरणात गावं बुडाली होती आणि पलीकडच्या डोंगराकाठी ज्या वाड्या उरल्या होत्या त्यांना दवाखाना, बाजार, कचेरी, सगळं अलीकडं. रस्त्यानं वळसा घालून यायचं तर अर्धा दिवस जायचा. लाँचनं पाऊण तास.

ही लाँच नवी नव्हती. कोकणातल्या एका खाडीवर तिची उमेद संपल्यावर तिला ट्रकवर घालून घाट चढवून आमच्याकडं पाठवलं होतं. खात्यात माणसांच्या बदल्या होतात तशी तिची बदली झाली होती, एवढंच. तिच्या इंजिनाची तऱ्हा अशी, की ते स्वतःपुरतं पाणी जवळ बाळगत नसे. तळाच्या भोकातून बाहेरचं पाणी ओढून घ्यायचं, रबरी पंख्यानं ते अंगातल्या पोकळ्यांतून फिरवायचं, आणि गरम झालं की मागच्या नळीतून बाहेर फेकायचं. खाडीवर तिनं वर्षानुवर्षं खारं पाणी ओढलेलं. त्यामुळं आतल्या वाटा मिठानं आणि क्षारानं अर्ध्या बुजलेल्या होत्या.

मिस्त्रींनी पहिलं काम काय केलं तर मंचरच्या एका किराणा दुकानातून पाच किलो लिंबाचं सत्त्व आणलं. दुकानदारानं विचारलं, "मिस्त्री, लग्न हाय का घरी? एवढं सरबत?"

"इंजानाला पाजायचंय."

दुकानदार हसला. पण मिस्त्रींनी खरंच पाजलं. कोमट पाण्यात सत्त्व विरघळवून ते बादली-बादलीनं इंजिनाच्या पोटात ओतलं. आतून सोड्याच्या बाटलीसारखा आवाज यायला लागला. वरच्या तोंडातून पिवळट फेस उसळला. फेस थांबला की खालची तोटी उघडून घाण काढायची, पुन्हा ताजं ओतायचं. शेवटी खायच्या सोड्याचं पाणी, म्हणजे आंबटपणा मरतो, आणि मग धरणाच्या पाण्यानं खळाखळा धुवायचं. चार दिवस हा कार्यक्रम चालला. निघालेल्या खपल्या त्यांनी एका काचेच्या बरणीत भरून ठेवल्या होत्या आणि पलीकडच्या वाड्यांतल्या लोकांना दाखवायचे, "ह्यो बघा समुद्र. कोकणात जायाची गरज न्हाई."

मी एकदा विचारलं होतं, की सत्त्व रात्रभर भिजत ठेवलं तर काम लवकर होणार नाही का? तर म्हणाले, "भाऊ, फेस थांबला की आपुन थांबायचं. मळ खाऊन झाला की त्ये लोखंड खायाला लागतं. कुठं थांबावं ह्ये त्याला कळत न्हाई. आपल्याला कळाया पायजे."

त्यांच्या सवयी हा कार्यालयात थट्टेचा विषय होता. इंजिन सुरू केल्यावर ते स्वतः कधीच मागं बघायला जात नसत. सुकाणूवरून ओरडायचे, "धार आली का?" मग मागं बसलेल्यांनी वाकून बघायचं आणि "आली!" म्हणायचं. तेवढ्यावर भागत नसे. "कशी हाय?" "जाड हाय!" "गरम का कोमट?" मग कुणीतरी हात घालून सांगायचं, "कोमट!" तेव्हा लाँच हलायची. नव्या पाव्हण्यांना हे चमत्कारिक वाटे. एकदा पुण्याहून आलेले एक प्राध्यापक पाण्यात हात घालायला तयार होईनात. मिस्त्रींनी लाँच सोडली नाही. पलीकडच्या एका म्हातारीनं प्राध्यापकांचं मनगट धरून हात धारेखाली घातला आणि ओरडली, "कोमट हाय रं, चल!"

दसऱ्याला कार्यालयातले लोक इंजिनाला हार घालायचे. मिस्त्री बाजूला उभे राहायचे. कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, तुमचं इंजिन, तुम्हीच पूजा करा." ते म्हणाले, "आमच्या आज्यानं गावातले देव सोडले, आन मी नवा कुठं धरू? तुमी करा. फकस्त नारळाचं पाणी इंजानावर सांडू नका. चिकट व्हतं."

सगळं असं सुरळीत चाललं असताना आमच्याकडं नवे साहेब आले.

साहेब वाईट नव्हते. त्यांना फक्त कागदावर विश्वास होता आणि तो पूर्ण होता. आल्या आल्या त्यांनी कपाटातली जुनी परिपत्रकं काढून वाचायला घेतली. त्यात एक मूळ किनारपट्टीसाठी काढलेलं आणि चुकून सगळीकडं गेलेलं परिपत्रक सापडलं. 'सर्व यांत्रिक जलवाहनांची शीतलन यंत्रणा दर आठवड्यास गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी व तशी नोंद ठेवावी.'

साहेबांनी मिस्त्रींना बोलावलं. "हे आपल्याकडं होतं का?"

"साहेब, लाँच गोड्या पाण्यातच उभी हाय. चोवीस तास धुतीय."

"धरणाचं पाणी गोडं आहे याचा दाखला आहे का?"

मिस्त्रींनी तिथल्या माठाकडं बोट दाखवलं. "तुमी आत्ता प्यालात की."

"ते माझं वैयक्तिक पिणं झालं," साहेब म्हणाले.

मग धरणाच्या पाण्याचा नमुना बाटलीत भरून, लाख लावून, तपासणीला गेला. अहवाल येईपर्यंत खबरदारी म्हणून दर शनिवारी बोअरच्या पाण्याचा टँकर बोलवायचं ठरलं. बोअरचं पाणी गोडं असल्याचा दाखला मात्र होता. तो टँकरवाल्यानं दिला होता.

मिस्त्रींनी अडवून बघितलं. कार्यालयाची चहाची किटली आणली, टँकरचं पाणी भरलं आणि शेगडीवर ठेवलं. आटलं की पुन्हा भरलं. दुपारपर्यंत किटलीच्या आत चुन्याचा हात दिल्यासारखा पांढरा थर बसला. ती किटली त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"ह्येच इंजानात व्हणार."

साहेबांनी चष्मा काढून आत डोकावून बघितलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पण किटलीबाबत परिपत्रक नाही."

आणि धुणं सुरू झालं. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं, लोक उघड्या पडलेल्या गाळातून पायी येऊ-जाऊ लागले आणि लाँच चिखलाच्या कडेला नुसती उभी राहिली. तिचं इंजिन बसून खराब होऊ नये म्हणून साहेबांनी दर शनिवारी ते दोन-दोन तास चालवायला लावलं. एका मोठ्या पिंपात बोअरचं पाणी, तेच आत जायचं, तेच बाहेर यायचं, तापून आटायचं आणि वरून नवं ओतलं जायचं. आमच्या किटलीचीच मोठी आवृत्ती. मिस्त्रींनी हे काम करायला नकार दिला, तेव्हा साहेबांनी दोन मजूर लावले. मिस्त्री लांब एका दगडावर पाठ करून बसून राहायचे. मी नोंदवहीत लिहायचो, 'धुतले,' आणि खाली सही करायचो. काही शनिवारी टँकर आलाच नाही, तेव्हाही मी 'धुतले' लिहिलं. रकाना मोकळा दिसला की साहेबांना त्रास व्हायचा, आणि त्यांचा त्रास नंतर माझ्याकडं यायचा.

तपासणीचा अहवाल पुढं चार-पाच महिन्यांनी आला. 'पाणी पिण्यास योग्य. इंजिनाबाबत अभिप्राय देता येत नाही.' साहेबांनी दुसरं वाक्य लाल शाईनं अधोरेखित केलं आणि टँकर चालू ठेवला.

हिवाळ्यात पोलिओच्या डोसाचा रविवार आला. मागच्या फेरीला लाँच बंद होती म्हणून पलीकडच्या वाड्यांतली पोरं राहून गेली होती. त्यामुळं आमच्या उपकेंद्राच्या सिस्टर या वेळी सकाळी आठलाच काठावर येऊन बसल्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर बर्फात ठेवलेल्या लसीचा निळा डबा. पलीकडं डोस पाजण्याचं उद्घाटन साहेबांच्या हस्ते ठेवलं होतं, म्हणून साहेबही होते, आणि साहेब होते म्हणून मी होतो. शिवाय आदल्या दिवशीच्या बाजारावरून परतणारी पंधरा-वीस माणसं.

इंजिन सुरू झालं. "धार आली का?"

"आली!"

"कशी हाय?"

मागची माणसं पुन्हा वाकली. मग कुणीतरी म्हणालं, "करंगळीवाणी हाय, मिस्त्री."

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. साहेब म्हणाले, "कार्यक्रम नऊचा आहे. इंजिन कालच धुतलंय. काय हो?" हे 'काय हो' मला होतं. मी मान डोलावली. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सिस्टरच्या डब्याकडं बघितलं आणि लाँच सोडली. इतकी हळू, की काठावरची बदकं पुढं जात होती.

बरोबर मध्यावर पोचलो आणि धार तुटली. आधी थेंब, मग नुसती वाफ. मिस्त्रींनी त्या क्षणी इंजिन बंद केलं. चारी बाजूंना पाणी, आणि एकदम इतकी शांतता, की पलीकडच्या काठावर वाजणारा स्वागताचा ताशा ऐकू यायला लागला.

"चालवा," साहेब म्हणाले. "अर्धंच अंतर उरलंय."

"चालवलं तर इंजान पकडंल, जाम व्हईल. मग अर्धं न्हाई, कायमचंच उरंल."

"अहो, मग गार करा!" साहेबांची नजर फिरत फिरत निळ्या डब्यावर थांबली. "सिस्टर, त्यात बर्फ आहे ना?"

सिस्टरनी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. "आहे. लसीसाठी आहे."

"इमर्जन्सी आहे. इंजिनावर ठेवू. लाँच पोचलीच नाही तर लस काय कामाची?"

"साहेब," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिरका झाला, "मागच्या टायमाला तुमची लाँच बंद होती. मी घरोघरी तोंड दाखवू शकले नव्हते. डब्याला हात लावला तर मी डबा घेऊन पाण्यात उडी टाकीन. मला पोहता येत नाही."

लाँचवर कुणी हसलं नाही. मिस्त्री इंजिनाच्या खोबणीतून डोकं वर न काढता म्हणाले, "साहेब, तापल्या इंजानाला बरफ लावला तर चीर जाईल. त्याला निवू द्या. बाई, डबा सावलीला घ्या."

मग त्यांनी आपल्या बैठकीखालून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात लिंबाचं सत्त्व आणि खायच्या सोड्याची पुडी होती. पुढं काय होणार हे या माणसाला शनिवारच्या दगडावर बसूनच दिसलं असणार. इंजिन हात लावण्याइतकं निवल्यावर त्यांनी वरचं झाकण उघडलं. आत बोट घातलं. बोट बाहेर आलं ते पांढऱ्या पिठानं माखलेलं. ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही. फडक्याला पुसलं.

"बादली द्या कुणीतरी."

एका बाईनं बाजारातून नवी घेतलेली बादली दिली. मिस्त्रींनी सत्त्व कालवलं, खालची तोटी बंद केली आणि नरसाळ्यानं वरून ओतलं. इंजिनात अजून ऊब होती. फसफसायला लागलं. सगळी माणसं त्या उघड्या तोंडाभोवती वाकून बसली. फेस वर येत होता, ओघळत होता आणि मिस्त्री हळूहळू ओतत होते. वाऱ्यानं लाँच सरकत होती, ती नेमकी आम्ही निघालो त्याच काठाकडं. साहेब पुढच्या टोकाला जाऊन हाताची घडी घालून उभे राहिले. त्यांच्यासाठी आणलेला हार प्लास्टिकच्या पिशवीत कोमेजत होता.

फेस थांबला. घाण पाणी तोटीतून काढायची वेळ आली तेव्हा एक जण म्हणाला, "धरणात सोडून द्या की, मिस्त्री."

"लोकं पितात ह्ये पाणी," मिस्त्री म्हणाले आणि ते बादलीत धरलं. गढूळ, ताकासारखं. पुन्हा ताजं ओतलं. पुन्हा फेस, पुन्हा बादली. मग सोड्याचं पाणी. मग धरणाचं पाणी, तांब्या-तांब्यानं, माणसांनी हातोहात पुढं सरकवत दिलेलं. दोन तास गेले. मी तांबे देत होतो. त्यांनी माझ्या हातातून प्रत्येक तांब्या घेतला, पण माझ्याकडं बघितलं नाही.

झाकण बसलं, इंजिन सुरू झालं. "धार आली का?"

सगळी लाँच मागच्या बाजूला झुकली. "आली!"

साडेअकराला आम्ही पलीकडं लागलो. ताशेवाले जेवायला निघून गेले होते, पण आया पोरांना घेऊन उन्हात बसून होत्या. सिस्टरनी डबा उघडून बर्फ बघितला आणि उद्घाटनाची वाट न बघता पहिल्या पोराचं तोंड दाबून उघडलं. संध्याकाळपर्यंत एकही पोर राहिलं नाही. साहेबांनी चौथ्या की पाचव्या पोराच्या वेळी हार घालून घेतला आणि फोटो काढला.

सोमवारी मला एक मजकूर टाइप करायला मिळाला. 'चालकाने शासकीय इंजिनात विनापरवानगी खाद्यपदार्थ टाकले. वरिष्ठांचा आदेश डावलून जलवाहन मध्यावर थांबवले. इंजिन नियमितपणे धुतल्याच्या नोंदी असल्याने त्यात क्षार असणे शक्य नाही, सबब बिघाडाचे कारण बनावट आहे.' मिस्त्री निलंबित. आणि त्याला पुरावा म्हणून जोडलेली नोंदवही माझ्या अक्षरातली.

मी तो कागद टाइप केला. बिनचूक केला. आणि त्या दिवशी डबा न खाता घरी नेला. आईनं विचारलं तर म्हणालो, भूक नव्हती.

चौकशीला बाहेरून एक वयस्क अधिकारी आले. पत्र्याच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला ते, शेजारी साहेब, समोर मिस्त्री. मला आत बोलावलं. अधिकाऱ्यांनी नोंदवही पुढं सरकवली.

"ही सही तुमची?"

"हो."

"इंजिन दर शनिवारी धुतलं?"

"टँकर आला त्या शनिवारी धुतलं. आला नाही तेव्हा नुसतं लिहिलं."

साहेबांचं पेन थांबलं. अधिकारी म्हणाले, "बरं. पण जितक्या वेळा धुतलं, तेवढं तर धुतलं ना? मग क्षार आला कुठून?"

"धुण्यातनंच आला, साहेब. बोअरच्या पाण्यातनं. मिस्त्रींनी आधीच सांगितलं होतं. मी तिथंच होतो."

अधिकाऱ्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. पुढं मला तो अहवाल वाचायला मिळाला. त्यात माझ्याबद्दल एकच ओळ होती, 'साक्षीदार गोंधळलेला वाटला.'

बाहेर आल्यावर मिस्त्री विडी पेटवत होते. मी म्हणालो, "मिस्त्री, चुकलं माझं."

"लई उशीर केलात," ते म्हणाले. थोड्या वेळानं विडी झटकून म्हणाले, "त्या दिवशी काठावरच ह्ये बोलला असता, तर मी लाँच सोडली नसती. आधी सत्त्वानं धुवून घेतली असती. बाई घाबरली नसती." एवढंच. त्यांना स्वतःच्या निलंबनापेक्षा सिस्टरचं घाबरणं मोठं वाटत होतं.

निलंबन मागं घेतलं गेलं, पण न्याय म्हणून नव्हे. लाँच बंद पडल्यानं पलीकडच्या वाड्यांतले लोक सगळे मिळून वळसा घालून कचेरीवर आले आणि अंगणात बसले. आदेशात लिहिलं होतं, 'पर्यायी चालक उपलब्ध नसल्याने.' साहेबांची बढती होऊन ते मोठ्या धरणावर गेले. टँकर आपोआप बंद झाला, कारण तो का येतो हे नव्या साहेबांना कुणी सांगितलं नाही.

पुढं काही वर्षांनी मिस्त्री निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं झाली. भाषणं लांबली तसे ते अस्वस्थ होऊन घड्याळाकडं बघायला लागले आणि शेवटी उठलेच. "चारची खेप हाय," म्हणाले आणि शाल खांद्यावर तशीच घेऊन लाँचकडं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते पेठेहून पहिल्या एसटीनं पुन्हा हजर. त्यांच्या जागी माणूस नेमलेलाच नव्हता. नव्या साहेबांनी मला आत बोलावलं. निवृत्त माणसानं शासकीय लाँच चालवणं नियमात बसत नाही, म्हणाले. लाँच थांबवणं पण बरं दिसत नाही, म्हणाले. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तुम्ही बघा काय ते."

मी नोंदवहीत लिहिलं, 'चालक नसल्याने लाँच बंद.' रोज लिहिलं. सात महिने. आणि सात महिने रोज ती बंद लाँच सकाळी सातला सुटायची, बाळंतिणी, शाळेची मास्तरमंडळी, बाजाराची ओझी, सिस्टरचा निळा डबा घेऊन. पलीकडच्या एकाही माणसानं कुठं अवाक्षर काढलं नाही.

मग एके दिवशी नेमणुकीचा आदेश घेऊन नवा चालक आला. नारायणगावकडचा तरुण माणूस, नीटनेटका. मिस्त्री तेव्हा नुकतीच सातची खेप करून, पिशवी काखेत मारून एसटीच्या थांब्याकडं चढ चढत होते. नव्या चालकाला मी लाँचवर घेऊन गेलो. त्यानं इंजिनाचं झाकण उचललं.

"किती दिवस बंद आहे म्हणालात, भाऊ?"

"सात महिने."

त्यानं इंजिनावर तळहात टेकवला आणि चटकन मागं घेतला.

"अहो, मग हे गरम कसं?"